बाकी

बडोद्याची जकात बंद झाली त्या रात्री
छाणी नाक्यावर शेवटची पावती मामांनी फाडली :
कपडवंजचा साबण, साठ खोकी. सही, दि. के. फणसे.
ड्रायव्हर म्हणाला, "हवे शुं करशो, साहेब?"
कार्बनखालची प्रत मामांनी खिशात घातली.
तिच्यावरचा नंबर ९९२२३३१.

दोन नऊ, दोन दोन, दोन तीन
आणि शेवटी एकटा एक,
पाट कमी पडल्यावर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.

हा आकडा कुणाच्या पाढ्यातला,
एवढंच मामांना पाहायचं होतं.
बाजवाड्यात दिवेलागणीला वही उघडायची,
एक मूळ संख्या, एक भागाकार.
दुसरा उद्या.
दोनानं बाकी एक, तिनानं दोन, पाचानं एक,
सातानं सहा, अकरानं पुन्हा एक.
वर्गमूळ ३१५० च्या अंमळ खाली.
तिथवर मूळ संख्या चारशे शेहेचाळीस,
कोष्टकात बघून मोजलेल्या.
पुढे जायचं कारण नाही :
थोरला भाजक असलाच
तर धाकटा आधीच दारात येऊन गेला असेल.

मामी म्हणायची, नाका उठला, ह्यांची जकात चालूच.
येईल त्या संख्येला थांबवतात, पोतं उघडतात,
काही निघत नाही, सोडून देतात.
बाकी तेवढी लिहून घेतात.

तीनशेव्या संध्याकाळी १९८७ ची पाळी.
मी अकरावीत. सेव-उसळीचे हात पुसत शेजारी बसले
आणि त्यांच्या वहीच्या सुटलेल्या पुठ्ठ्यावर
सहज ३१५० चा वर्ग केला.
९९,२२,५००.
त्यातून मामांचा आकडा वजा.
एकशे एकोणसत्तर.
तेराचा वर्ग!
म्हणजे ३१५० तून तेरा काढा, ३१५० त तेरा घाला,
३१३७ आणि ३१६३. संपलं.
मिनिटही लागलं नव्हतं.
समोर मामा ओठ हलवत हातचे धरत होते.
"बाराशे चाळीस," म्हणाले,
जणू तेवढी रक्कम तिजोरीत जमा झाली.
मी पुठ्ठा दप्तरात सरकवला.

पुढे एकशे शेहेचाळीस संध्याकाळी मी गप्प.
मध्ये दिवाळी झाली. मामीचा मोतीबिंदू निघाला,
त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर २४७७,
बाकी १९४६. डोळ्यावर पट्टी असलेली मामी
आतून म्हणाली, "अहो, हे तर माझं जन्मसाल!"
कितीदा वाटलं, सांगून टाकावं.
पण उत्तर दिल्यावर
उरलेल्या संध्याकाळींचं काय करायचं
हे गणित मला येत नव्हतं.

३१२१. बाकी ६७२.
"मूळच निघणार हा," मामा म्हणाले. आवाज चढलेला.
मी पाणी आणायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी ३१३७.
तीन वेळा. एक वेळा. सहा वेळा.
खाली उरले ९४११,
पहिल्याच ओळीत वजा केलेले तेच ९४११,
सगळीकडे हिंडून घरी आल्यासारखे.
मामा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.
मग तीन लिहिला, आणि खाली शून्य,
तिळाएवढं.
"गेला."
पुढे काही नाही. चहा निवला.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी पाहते तो पुन्हा वही!
३१६३ नं भागत होते. सावकाश, हातचे धरत.
"मामा, तो तर कालच भागाकारात आला."
"आला. पण एवढा शेवटपर्यंत थांबला बिचारा,
त्याच्या नावावर एक संध्याकाळ नको?
आणि बघ, शेजारीच की दोघं.
मध्ये पंचवीस घरं,
एकातही मूळ संख्या राहत नाही."

शून्य आलं. ते यायचंच होतं.
मामांनी पेन्सिल कानामागे खोचली,
मोकळी पानं एकदा चाळली,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"तो पुठ्ठा तेवढा आणून दे वहीचा.
बाकी काही नाही."